ज्याच्यासाठी वजन उतरवलं

पातीच्या कांद्याची जुडी बांधण्यात सूयुनचा हात धरणारं सानशिंग गावच्या शेडमध्ये कोणी नव्हतं. पाटाच्या वाहत्या पाण्याकाठी बुटक्या स्टुलांवर बसून बायका कांदे सोलत, धूत, बांधत. त्या स्टुलांमधलं एक जरा रुंद होतं. ते सूयुनचं, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण दुसरं कोणी त्यावर बसतही नसे.

सूयुन लहानपणापासूनच अंगाने भरलेली होती, लग्नानंतर आणखी भरली. नवरा चिंगलाय भातशेतीचे पंप दुरुस्त करायचा. हाडकुळा माणूस, नखांत कायम काळं तेल. संध्याकाळी घरी येताना स्कूटरच्या हँडलला एक पिशवी अडकवलेली असायची. कधी पातीची तळलेली पोळी, कधी कोंबडीचे पाय, कधी गूळ-शेंगदाण्याची वडी. दोघं स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभ्या उभ्या ते संपवायचे आणि मग जेवायला बसायचे. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल सासूला जे काही म्हणायचं असे ते ती सूयुनच्या वाडग्याकडे बघून म्हणायची. "एवढं खाऊन जातं तरी कुठे?" हे वाक्य वीस वर्षं त्या घरात मिठासारखं रोजचं होतं. चिंगलाय आईला काही बोलायचा नाही, फक्त आणखी एक मासा बायकोच्या वाडग्यात ठेवायचा.

चिंगलायला यकृताचा आजार आईकडूनच आला होता. त्या पिढीत आमच्याकडे हे घरोघरी होतं, आईच्या पोटातून मुलांना लागायचं. सासूला आणि धाकट्या दिराला, चिंगफूला, तोच विषाणू होता, पण त्या दोघांच्या अंगात तो निजून राहिला. चिंगलायच्या अंगात उठला. एका उन्हाळ्यात त्याचं पोट पाण्याने फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि तैपेईच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, दुसऱ्या कोणाच्या यकृताचा तुकडा बसवल्याशिवाय आता इलाज नाही. आई आणि भाऊ दोघेही बाद. उरली बायको. तिचा रक्तगट जुळला. मग तिला यंत्राखाली झोपवून तपासलं तेव्हा कळलं की तिच्या यकृतात चरबी भरली आहे. डॉक्टर म्हणाले, हे यकृत कापलं तर देणारीही जाईल आणि घेणाराही. वजन उतरवा, चरबी उतरेल. चार-पाच महिने तो तग धरेल असं वाटतंय.

सासू बाहेर बाकावर बसली होती. सूयुनने जे ऐकलं ते तसंच्या तसं तिला सांगितलं.

"मी वीस वर्षं सांगत होते," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी बाजारात जाऊन वजनाचा काटा घेऊन आली आणि न्हाणीघराच्या दाराशी ठेवला.

त्या दिवसापासून घराचं वळण बदललं. इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ याओ नावाच्या मुलीने सूयुनला साधं गणित दिलं होतं. भात स्वतःच्या मुठीएवढा, भाजी आधी, उकडलेली, रस्सा नाही, तळलेलं नाही, गोड नाही, आणि रोज चालणं. म्हातारीने ते गणित सुनेपेक्षा कडक पाळलं. भात ती स्वतः वाढू लागली. सूयुन शेडमधून परतली की म्हातारी छत्री घेऊन दारात उभी असायची, आणि दोघी शेताच्या बांधावरून देवळापर्यंत आणि परत अशा न बोलता चालून यायच्या. चिंगलायलाही मीठ बंद होतं. नवरा-बायको समोरासमोर बसून बेचव खायची. तो कधीकधी जेवणाच्या काड्या खाली ठेवून म्हणायचा, "माझ्यापायी उपाशी मरशील तू." ती म्हणायची, "मरत नाही. आधी तुझं पोट उतरू दे, मग बघू."

शरदातल्या पौर्णिमेला आमची अख्खी गल्ली रस्त्यावर शेगड्या मांडून मांस भाजते. धूर घराघरांत शिरतो. त्या वर्षी शेजारची थू मावशी काडीला टोचलेलं मांस आणि चंद्रासारखी गोल मिठाई घेऊन सूयुनला शोधत आली. सणाच्या दिवशी एखादा तुकडा खाल्ल्याने काय होतंय, म्हणाली. म्हातारी दारात आडवी उभी राहिली.

"आमच्या सूनबाईचं पोट सध्या माझ्या मुलाचं आहे," ती म्हणाली. "त्यात काही टाकायचं असेल तर आधी मला विचार."

गल्ली हसली. आत खुर्चीत बसलेला चिंगलाय हसला, सूयुनही हसली. तेव्हा तिचं वजन आठ किलोने उतरलं होतं आणि हसू सहज येत होतं.

पानगळीच्या शेवटी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, चरबी बरीच कमी झालीय, आणखी थोडी उतरली की ऑपरेशनची तारीख देतो. नवीन वर्ष होऊन जाऊ दे, तोवर अशाच राहा, सणासुदीत घसरू नका. नवीन वर्षानंतरच्या एका तपासणीची तारीख देऊन त्यांनी तिला घरी पाठवलं. चिंगलायने त्या दिवशी बसमध्ये एकच गोष्ट सांगितली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तो लोतुंगच्या बाजारात जाऊन कोंबडीच्या रश्श्याच्या तळलेल्या वड्या खाणार. वरून गार दिसतात आणि आत जीभ पोळेल अशा असतात, त्या.

दहा-बारा दिवसांनी, दुपारी, कोणीतरी दुरुस्तीला आणून टाकलेल्या पंपाकडे बघत तो अंगणात बसला होता. हात लावायला त्याला मनाई होती, म्हणून नुसता बघत होता. बसल्या बसल्या त्याला रक्ताची उलटी झाली. म्हातारीने ओरडून थू मावशीला बोलावलं. सूयुन शेडमध्ये होती. तिला निरोप गेला तोवर गाडी निघाली होती, आणि ती लोतुंगच्या इस्पितळात पोचली तोवर तो गेला होता.

पुढचे दिवस माणसांनी भरलेले होते. मांडव, अगरबत्त्या, मंत्र म्हणणारे, चिंगफू आणि त्याची बायको पेइचन, मृतासाठी जाळायची कागदाची सोनेरी नाणी दुमडत बसलेल्या बायका. मदतीला आलेल्या बायका सूयुनसमोर वाडगा आणून ठेवत. ती मूठभर भात घ्यायची, उकडलेली भाजी घ्यायची आणि थांबायची. कोणाच्या लक्षात आलं नाही. शोकात माणूस खात नाहीच. तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. तिने काही व्रत घेतलं नव्हतं, मनाशी काही ठरवलंही नव्हतं. हात तेवढंच वाढून घ्यायचा. रोज सकाळी ती काट्यावर उभी राहायची, आकडा बघायची आणि उतरायची. रडू एकदाही आलं नाही. शवपेटी उचलली तेव्हा बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं, पण धरण्यासारखं काही झालं नव्हतं. ती सरळ उभी होती.

आमच्याकडे शंभर दिवस गेलेल्या माणसाला सकाळ-संध्याकाळ जेवण ठेवतात. सूयुन ते मनापासून करायची, म्हणजे हाताने नीट करायची. मनाचं तिला सांगता आलं नसतं. चिंगलायच्या फोटोसमोर वाडगाभर भात, वर शीग येईल असा. डुकराचं मांस सोयासॉसमध्ये शिजवलेलं, खारा मासा, तळलेलं टोफू, महिनोन्‌महिने त्याला न मिळालेलं मीठ. अगरबत्ती खाली आली की ताट उचलायचं. ते टाकायचं नसतं. सूयुन ते म्हातारीसमोर ठेवायची, आणि म्हातारी आपलं जेवण झालेलं असलं तरी मुलाचं ताट शेवटच्या शितापर्यंत खायची. हळूहळू तिचा चेहरा गोल झाला. सून दिवसेंदिवस बारीक होत होती आणि सासू दिवसेंदिवस जाड. शेडमधल्या बायकांनी ते पाहिलं.

मग हिवाळ्याच्या शेवटी आमचं नवीन वर्ष आलं. ज्या घरात मरण झालंय त्या घराने त्या वर्षी सणाच्या तांदळाच्या वड्या उकडायच्या नसतात. शेजाऱ्यांनी आणून द्यायच्या. दारावर लाल कागद लावायचा नसतो, दुसऱ्याच्या घरी शुभेच्छा द्यायला जायचं नसतं. गल्लीने आपलं काम चोख केलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत स्वयंपाकघराच्या टेबलावर जागा उरली नाही. मुळ्याच्या वड्यांचे ठोकळे, काळ्या साखरेच्या चिकट वड्या, लाल चवळीच्या, कोणी अळूच्या कंदाच्या. जो येई तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणे, चिंगलाय भला माणूस होता, आमचा पंप त्यानेच जिवंत ठेवला. सूयुन दोन्ही हातांनी घेई, मान लववी आणि आत नेऊन ठेवी.

संध्याकाळी चिंगफू आणि पेइचन ताओयुआनहून आले, उसाच्या धुरावर शेकलेलं बदक घेऊन. टेबलावर अख्खी कोंबडी, मासा, कोबीचा दाट रस्सा, लांब पानांची कडू भाजी, बदक. एक वाडगा आणि काड्यांची एक जोडी जास्तीची. पेइचन मनाने वाईट नव्हती. पण गप्प बसणं तिला जमत नसे, आणि त्या टेबलावरची शांतता तिला सहन होईना.

"ताई, किती बारीक झालात तुम्ही," ती म्हणाली. "मागून तर ओळखूच आला नाहीत. मला नवीन वर्ष आलं की तीन किलो वाढतातच. तुम्ही कसं केलंत?"

चिंगफूने तिच्या पायाला पाय लावला. पेइचनच्या मानेपर्यंत लाली चढली. पण सूयुनने प्रश्न ऐकला होता आणि त्याचं उत्तर तिला येत होतं.

"भात मुठीएवढा," ती म्हणाली. "भाजी आधी खायची म्हणजे पोट निम्मं भरतं. रस्सा घ्यायचा नाही. टेबलावर सगळं असलं तरी आपला वाडगा एकदाच भरायचा. पहिला महिना जड जातो. मग काही वाटत नाही."

तिने कोणाला टोचायला म्हटलं नव्हतं. कृती सांगावी तसं सांगितलं होतं. मग म्हातारीने बदकाची तंगडी काड्यांनी धरली आणि सुनेच्या वाडग्यात ठेवली. वीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. सूयुनने तंगडीकडे पाहिलं. ती उचलून तिने म्हातारीच्या वाडग्यात ठेवली. म्हातारी ती खाऊ लागली. चिंगफू उठून टीव्हीचा आवाज वाढवायला गेला.

दुसऱ्या दिवशी ते दोघे परत गेले. वड्या उरल्या. लोकांनी दिलेलं वाया घालवायचं नाही म्हणून म्हातारी सकाळी मुळ्याच्या वड्या तळून खाई, दुपारी गोड, आणि वरून मुलाची दोन ताटं. नवीन वर्षाच्या चौथ्या दिवशी सकाळी अगरबत्ती लावताना तिला भोवळ आली आणि ती फोटोसमोरच्या टेबलाला धरून खाली बसली. सूयुनने टॅक्सी बोलावली. सणात जो एक दवाखाना उघडा होता तिथल्या डॉक्टरने सांगितलं, साखर फार वाढली आहे, पाय बघा किती सुजलेत. भात कमी, गोड बंद, तळलेलं बंद.

घरी आणून सूयुनने तिला खुर्चीत बसवलं, पायांखाली स्टूल दिलं. बाहेर कोणाकडे तरी फटाक्यांची माळ लागली होती.

"आई, एवढं कशाला खाता?" सूयुनने विचारलं.

"तू खात नाहीस म्हणून."

"मला भूक नसते."

"मला तरी कुठे असते," म्हातारी म्हणाली. मग सुनेकडे न बघता, "तो तर गेला. तू अजून कोणासाठी मोजतेस?"

सूयुनने विचार केला. उत्तर कुठेतरी असेल असं वाटून तिने खरंच शोधलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "सुरू कसं करायचं ते सांगितलं होतं. बंद कसं करायचं ते कोणी सांगितलं नाही."

म्हातारीने पदराशी चाळा करावा तसा स्वेटरच्या बाहीच्या धाग्याशी चाळा केला. "मला तर डॉक्टरने बंदी केली," ती म्हणाली. "आता त्याचं ताट कोण खाणार?"

त्या संध्याकाळी चिंगलायचं ताट उचलल्यावर सूयुनने ते दोन भागांत केलं. छोटा भाग म्हातारीचा, मोठा आपला. बसून तिने सगळं खाल्लं, मांस, खारा मासा, टोफू. चव लागली नाही. मीठही कळलं नाही. वाडगा रिकामा झाला तेव्हा तिने तो धुऊन पालथा घातला. त्यानंतर ती रोज तेवढं खाऊ लागली, म्हातारीला खायला लागू नये म्हणून. स्वतःच्या जेवणातला तेवढा भाग ती कमी करी, म्हणून आकडा हलला नाही.

नवीन वर्षानंतर पंधरवड्याने येणारा दिव्यांचा सण उलटला आणि तैपेईच्या इस्पितळातून फोन आला. दात्याच्या तपासणीची तारीख अमुक, उपाशी पोटी या. ती तारीख रद्द करायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. सूयुनने हो म्हटलं आणि त्या दिवशी पहाटेची बस धरली. यंत्राखाली झोपली, श्वास धर म्हटलं तेव्हा धरला, सोड म्हटलं तेव्हा सोडला. मग आहारतज्ज्ञाच्या खोलीत जाऊन बसली. याओला काही कळलेलं नव्हतं. तिने कागदांवरून नजर फिरवली आणि तिचा चेहरा उजळला.

"नवीन वर्षातसुद्धा एक किलो वाढू दिला नाहीत," ती म्हणाली. "माझ्याकडच्या एकालाही हे जमलं नाही. आणि यकृत तर अगदी स्वच्छ. ऑपरेशन कधी ठरलंय?"

"नाही झालं," सूयुन म्हणाली. "तो हिवाळ्यात गेला."

याओच्या हातातला कागद तसाच राहिला. ती तरुण मुलगी होती, असं काही कोणी तिला पहिल्यांदाच सांगत असावं. तिने हळू आवाजात विचारलं, मग आज तुम्ही का आलात.

"तारीख दिली होती."

याओने सांत्वन केलं नाही. ते तिला जमलंही नसतं. तिने खुर्ची जवळ ओढली आणि सूयुन दिवसभरात काय काय खाते ते एकेक करून विचारलं. सगळं ऐकून ती म्हणाली, आता उतरवायचं नाही. इथेच थांबायचं.

"थांबायचं म्हणजे काय करायचं?"

"भात दीड मूठ घ्यायचा. उद्या सकाळपासून. भाजीत तेल घालायचं, अंडं खायचं, रस्सा घेतला तरी चालेल. आणि काट्यावर रोज उभं राहायचं नाही. आठवड्यातून एकदा पुरे. मी सांगतेय म्हणून करा."

सूयुनने मान हलवली. हे तिला कळण्यासारखं होतं. घरी पोचली तेव्हा म्हातारी पायरीवर बसून मोहरीची पानं खुडत होती. काय म्हणाले, तिने विचारलं. सूयुनने सांगितलं, यकृत स्वच्छ आहे.

"मग आता ते तुझं," म्हातारी म्हणाली आणि पुढचं पान उचललं.

दुसऱ्या दिवसापासून सूयुनने दीड मूठ भात घेतला. शंभरावा दिवस झाला, फोटोसमोरचं ताट बंद झालं. चिंगफू आला, पेइचनने या वेळी काही विचारलं नाही, नुसती भांडी घासायला बसली. म्हातारीचा भात आता सूयुन वाढते. म्हातारी रोज कुरकुर करते की एवढ्याशा भाताने चिमणीचं पोट भरायचं नाही, आणि तेवढाच खाते. दोघी अजूनही देवळापर्यंत चालून येतात.

वसंतात कांद्याचं काम जोरात असतं. अशाच एका सकाळी, शेडमध्ये जुड्या बांधता बांधता, सूयुनच्या पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. तिला आधी वाटलं दुखतंय. हातातली जुडी तिने खाली ठेवली आणि पोटावर हात दाबून बसली. दुखत नव्हतं. शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या अमेइने विचारलं, काय झालं, बरं नाही का?

"भूक लागली," सूयुन म्हणाली.

अमेइने हात पुसून पिशवीतून लोणच्याची भाजी भरलेला भाताचा मुटका काढून दिला. तिच्या दुपारच्या खाण्यातला तो अर्धा वाटा होता. सूयुनने घास घेतला. भात गार होता आणि भाजी फार खारट. डोळ्यांतून पाणी आलं, इतकी खारट. तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा. बायकांनी बघूनही न बघितल्यासारखं करून हात चालू ठेवले, आणि पाट वाहत राहिला. मुटका संपल्यावर तिने बोटं चाटली आणि अमेइला विचारलं, अजून आहे का.